उभ्या मोरीची जाळी

लग्न होऊन मी श्रीगोंद्याहून नगरला आले तेव्हा महायुद्ध चालू होतं. ह्यांना तिथल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवायची नोकरी होती, पण राहायला जागा मिळत नव्हती. लष्करामुळे गावात माणूस फार वाढलं होतं. खोली रिकामी झाल्याचं कळून आम्ही पोहोचेपर्यंत तिथे दुसऱ्याचं कुलूप लागलेलं असे. शेवटी भिंगारच्या वाटेवर, वस्तीपासून जरा आत, एका दगडी बंगल्याची मागची बाजू आम्हाला भाड्यानं मिळाली. पुढच्या बाजूला घरमालकीण एकट्या राहत. जन्मभर मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून काम करून त्या आता घरी बसल्या होत्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. घरमालकीण ख्रिस्ती आहे हे सासूबाईंना आम्ही बरेच दिवस कळू दिलं नाही.

जागा दाखवताना बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच थांबल्या.

"हे तुमचं स्वयंपाकघर. मी ते वापरत नाही. उभं राहून पाय दुखतात माझे," एवढंच त्या म्हणाल्या. आमच्या आधी त्या खोल्या कितीतरी दिवस बंद होत्या, हेही त्यांनीच सांगितलं.

उभं राहून म्हणजे काय ते मला आत गेल्यावर समजलं. खिडकीखाली कमरेइतका दगडी चौथरा होता आणि त्यावर काळ्या दगडाची एक मोठी कुंडी बसवलेली होती. भांडी उभ्यानं घासायची सोय. साहेबलोकांकडे असं असतं हे मी ऐकलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. आमच्याकडे मोरी म्हणजे जमिनीवरची, पाटावर बसून राखेनं भांडी घासायची. ह्यांनी सांगितलं की याला सिंक म्हणतात. मी तिला उभी मोरी म्हणू लागले आणि आमच्या घरात तेच नाव रुळलं.

कुंडी आठकोनी होती, एका अखंड दगडात कोरलेली. काठावर पाकळ्या होत्या, झिजून झिजून बोटांनाच कळतील इतक्याच उरलेल्या. बरोबर मधोमध भोक होतं, तेही आठकोनी, माझी मूठ आत जाईल एवढं. भोकात बोटभर खाली चहूकडून एक खाच होती. तिथे कधीतरी काहीतरी बसवलेलं असणार, पण आता काही नव्हतं. चिंध्या गुंडाळलेला एक लाकडी दट्ट्या तेवढा बाजूला पडला होता.

मला उभी मोरी फार आवडली. अडचण एवढीच की भोकाला जाळी नव्हती. शितं, चिंचोके, राख, सगळं सरळ आत जायचं. दट्ट्या लावला तर पाणी तुंबायचं, काढला तर आतून गार वारा यायचा. वारा म्हणजे चांगला जाणवण्यासारखा. ऐन उन्हाळ्यात भोकावर हात धरला की तळवा गार पडे. मी आधी नारळाची करवंटी भोकं पाडून उपडी घातली. ती आठ कोनांत नीट बसेना, बाजूनं सगळं जायचंच. एक दिवस भांडी घासता घासता माझा हात लागला आणि ती आत गेली. ती पडल्याचा आवाज ऐकायला मी थांबले. आवाज आला नाही.

कॅम्पात एक दुकान होतं. तिथे बंगल्यांना लागणारे नळ, तोट्या, चिनीमातीची भांडी मिळत. ह्यांनी भोकाचं चित्र मापासकट काढून नेलं. दुकानदारानं कागद उलटासुलटा करून पाहिला.

"मास्तर, सिंकचं भोक गोल असतं," तो म्हणाला.

"हे आठकोनी आहे."

"मग ते सिंक नसणार."

त्यानं पितळेच्या एकदोन गोल जाळ्या दाखवल्या. त्या घरी आणून लावून पाहिल्या. एक आत पडता पडता राहिली, दुसरी भोकावर ठेवलेल्या ताटलीसारखी हलत राहिली. परत नेऊन दिल्या. गावातल्या मोडबाजारात हे दोनतीनदा जाऊन आले. पितळ तेव्हा मिळतच नव्हतं. जे होतं नव्हतं ते लढाईच्या कामाला चाललं होतं. शिवाय चित्र पाहून प्रत्येक जण वेगळंच काही समजायचा.

तेव्हा मला सुचलं की कणकेचा साचा घ्यावा. गव्हाचं पीठ सहज मिळण्याचे दिवस नव्हते, पण मी डब्याच्या तळाचं काढलं, घट्ट मळलं, भोकाच्या कडेला तेल लावलं आणि गोळा आत दाबून बसवला. दुपारभर तसाच ठेवला. मग सुरी फिरवून हळूच वर ओढला. आठही कोन अगदी स्वच्छ उठले होते. खाचेची कडा उठली होती. आठातली एक बाजू जराशी आखूड आहे, हे डोळ्यांना कधी दिसलं नव्हतं, ते साच्यात कळलं.

मग मी गोळा उलटा केला. खालचं टोक लोंबलेलं असेल अशी माझी समजूत होती, कारण खाली पोकळीच होती. पण ते सपाट झालं होतं आणि त्यावर चार खळगे होते, ओळीनं, भाकरी थापताना बोटांचे उठतात तसे. मी माझी बोटं त्यांच्यावर ठेवून पाहिली. खळगे लहान होते.

शाळेतून आल्यावर ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, "खाली दगडाची कपार असेल. तिथे टेकलं असेल."

मी बरं म्हटलं. साचा उन्हात वाळवला आणि ह्यांनी तो रुमालात बांधून शाळेच्या पिशवीत ठेवला.

त्याच दिवसांत मी घराला वळसा घालून आले. मोरीचं पाणी कुठे जातं ते पाहायचं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीबाहेर ना गटार, ना ओल, ना गवताची काडी. माती कोरडी ठणठणीत, तिच्यात मुंगळ्यांची वारुळं. एवढं पाणी मी रोज ओतत होते आणि घराच्या कुठल्याच बाजूनं ते बाहेर येत नव्हतं.

बाई पुढच्या ओसरीवर काहीतरी विणत बसल्या होत्या. मी विचारलं, "बाई, मागच्या मोरीचं पाणी जातं कुठे?"

"जातं," त्या म्हणाल्या. "कधी तुंबलेलं नाही."

त्यानंतर मी पाणी ओतल्यावर कान देऊ लागले. आधी नेहमीसारखा घळघळ आवाज होई. मग काहीच नाही. मी दुसऱ्या कामाला लागे, डाळ निवडायला बसे, आणि मग कितीतरी वेळानं भोकातून पाणी पडल्याचा आवाज येई. मोठ्या रिकाम्या खोलीत पडावं तसा, घुमणारा.

ह्यांची शाळा सकाळी भरे ती संध्याकाळी सुटे. दुपारी घरात मी एकटी. बोलायला कुणी नाही, शेजार नाही. श्रीगोंद्याला आमचं घर माणसांनी भरलेलं होतं. इथे दुपारी बाई झोपत, झाडं निपचित उभी असत आणि लांबून लष्कराच्या गाड्यांचा आवाज येई. अशाच एका दुपारी मला गुणगुणणं ऐकू आलं. कुणातरी बाईमाणसाचा आवाज होता, बारीक, एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणणारा. शब्द लागत नव्हते. मला वाटलं आमच्या बाई प्रार्थना म्हणत असतील. पुढे जाऊन पाहिलं तर त्या आरामखुर्चीत झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं. परत आले तर गुणगुणणं चालूच. ते कुंडीतून येत होतं.

मी दट्ट्या लावला. थांबलं. काढला, तर पुन्हा तेच.

खोटं कशाला सांगू, मी घाबरले. पण दट्ट्या काढून ठेवला तो काढलेलाच ठेवला. पुढे पुढे ते बहुतेक दुपारी येऊ लागलं आणि मी तिथेच खाली बसून निवडटिपण करू लागले. एकटीला बरं वाटायचं म्हटलं तर खरं, आणि अंगावर काटा असायचा तोही खरा.

मग एका सकाळी, हे शाळेत गेल्यावर, मी भांडी घासायला उभी होते. भोकातून अगदी स्पष्ट प्रश्न आला.

"पानी आलं का?"

घरातल्याच कुणी परसातून विचारावं तसा प्रश्न होता. माझ्या हातात तांब्या होता, तो मी नुकताच ओतला होता. विचार न करता माझ्या तोंडून गेलं, "आलं, आलं."

आत एकदम कुजबुज झाली. बऱ्याच बायका एकाच वेळी बोलू लागाव्यात तशी. मग कुणीतरी सगळ्यांना गप्प केल्यासारखं शांत झालं. मी तांब्या तिथेच टाकून पुढे बाईंकडे गेले आणि घडलं ते सांगितलं. आधीचं गुणगुणणंही सांगितलं.

बाईंच्या सुया थांबल्या नाहीत. "ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "पण उत्तर देऊ नये."

"का?"

"मी दिलं होतं एकदा. तरुण होते. दवाखान्यातून आले होते, हात धूत होते. काय विचारलं ते आता आठवत नाही. मी ओ दिली."

"मग काय झालं?"

"काही नाही. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव विचारायला लागलं." त्यांनी टाका मोजला, उसवला, पुन्हा घातला. "मी सांगितलं नाही. पुढे ती खोली वापरणंच सोडलं."

संध्याकाळी हे आले. मी सगळं ऐकवलं. हे कुंडीवर वाकून बराच वेळ कान लावून उभे राहिले. त्यांना फक्त वारा ऐकू आला. पण त्यांचा चेहरा उजळला होता.

"खापरी नळ," हे म्हणाले. "निजामशाहीत गावाबाहेरून पाणी आणायचे, जमिनीखालून, मातीचे भाजलेले नळ एकाला एक जोडून. बागांना, हौदांना. हा त्यातलाच एक फाटा. त्याचं दुसरं तोंड कुठेतरी उघडं असणार आणि तिथे कोणी बोललं की इथे ऐकू येतं." मग कुंडीच्या काठावरच्या पाकळ्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "तो दुकानदार बरोबर बोलला. हे सिंक नाहीच. हे कारंजं आहे. कोणीतरी कुठल्या तरी बागेतून उचलून इथे, जुन्या नळाच्या तोंडावर बसवलंय. या भोकातून पाणी जायचं नाही. यायचं."

ह्यांना फार आनंद झाला होता. मला मात्र त्या दिवसापासून कुंडीत हात घालताना कसंतरी होऊ लागलं. इतके दिवस मी उलट्या बाजूनं पाणी ओतत होते, असं वाटे.

दुसऱ्या सकाळी पुन्हा आवाज आला. "कोन बोलतंय?" मग जरा थांबून, "नाव काय?"

मी दट्ट्या घट्ट बसवला आणि भांडी अंगणात नेऊन घासली.

आमच्याकडे आणि बाईंकडे एक दूधवाली मावशी दूध घालायला यायची. आमच्या घराच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे तिची वस्ती होती. चार घरं मळ्याची. ती एरवी दूध ओतून निघून जाई, पण त्या आठवड्यात ती मागच्या पायरीवर बसली.

"वैनी, तुमाला म्हनून सांगते," ती म्हणाली. "आमच्याकडं आसरा परगटल्यात."

आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडेही विहिरीच्या काठी सात दगडांना शेंदूर लावतात.

"वस्तीच्या खाली जुना हौद हाय. सारा निवडुंग माजला हुता, कुनी फिरकत नव्हतं. औंदा आमच्या मालकांनी तोडला, तर आत पानी ठिबकताना दिसलं. कोरड्या दगडातनं. आन पान्यातनं तांदूळ येत्यात, वैनी. कवा हळदीचं पानी येतं. आमी बायकांनी जाऊन हात जोडले. इचारलं, पानी आलं का? तर आतनं आवाज आला, आलं आलं. लई ग्वाड आवाज. पोरीवानी."

माझ्या हातात दुधाचं पातेलं होतं. ते मी खाली ठेवलं. दट्ट्या लावायच्या आदल्याच दिवशी मी हळदीचा खल त्या मोरीत धुतला होता.

"ते पाणी पिता का तुम्ही?" मी विचारलं.

"तीर्थ म्हनून घेतो की घोटघोट."

ह्यांना सुटी होती त्या दिवशी आम्ही दोघं मावशीबरोबर हौद पाहायला गेलो. ओढा ओलांडून उतारावर, मळ्याच्या बांधापलीकडे तोडलेल्या निवडुंगाचे ढीग होते. मध्ये दगडी हौद, खोल, पायऱ्या असलेला. भर उन्हातही तळाशी अंधारल्यासारखं होतं. एका भिंतीत खापराचं तोंड दिसत होतं, आणि त्यातून पाण्याची करंगळीएवढी धार खालच्या दगडी पन्हाळीत पडत होती. पन्हाळीशी फुलं, हळदकुंकू, उदबत्तीच्या काड्या. पाण्यात दोनचार शितं फिरत होती. सकाळच्या आमच्या भाताची. मी आदल्या दिवसापासून दट्ट्या काढला होता, कारण अंगणात भांडी घासून कंबर धरली होती.

कोनाड्यात देवी मांडली होती. मावशी म्हणाली, "ही गाळात सापडली. सोनं हाय म्हनत्यात, पर पितळ हाय."

मी वाकून पाहिलं. कमळाची कळी होती, मुठीएवढी, वरच्या टोकाला बारीक बारीक भोकं असलेली. शेंदूर इतका की पाकळ्या बुजून गेल्या होत्या. पण कळीच्या बुडाचा भाग मोकळा होता. तो आठकोनी होता आणि त्याला चहूकडून कडा होती. ह्यांनी पिशवीतून रुमाल काढला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ठेवून दिला. साचा बाहेर काढायची गरजच नव्हती. नमस्कार करताना मी बुडाला बोट लावलं. आठातली एक बाजू जराशी आखूड होती.

इतके दिवस ज्यासाठी मोडबाजार पालथा घातला ती वस्तू समोर होती, आणि तिच्या पायाशी नैवेद्याचा गूळ होता.

परतताना ओढ्याशी आले तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मावशी, ते पाणी आसरांचं नाही. माझ्या मोरीचं आहे. भांड्यांचं खरकटं पाणी. आणि आलं म्हणून बोलले तीही मीच."

मावशी थांबली. तिला राग येईल, हसू येईल, काहीतरी होईल असं मला वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "तुमी बंगल्यात कवा आला?"

"चैत्रात."

"पानी दिवाळीपास्नं येतंय," ती म्हणाली. "दिवाळीतच निवडुंग तोडला. तांदूळ तवाबी येत हुते."

हे म्हणाले, "आमच्या आधी बाई वापरत असतील." पण बाई वापरत नव्हत्या, खोल्या बंद होत्या, हे त्यांनाही माहीत होतं.

मी विचारलं, "दुपारी हौदावर कोण असतं? गाणं म्हणत?"

"दुपारी हितं कुनी येत न्हाई. आमी सकाळच्या पारी येतो. आन गानं कुनी म्हनत न्हाई, आसरांम्होरं गानं म्हनू नये." मग ती माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "आसू द्या वैनी. तुमचं पानी आसंल तर आसंल. खरकटं तेवढं सोडू नका."

माझ्या डोक्यात बाईंचं बोलणं फिरत होतं. मला नाव विचारलं ते या बायकांनी, हे आता कळलं होतं. पण बाई तरुण असताना त्यांना कोणी विचारलं? हौदावर तर तेव्हा माणूस फिरकत नव्हतं.

खरकटं सोडायचं नाही म्हणजे मोरीला नीट जाळी आणि पाण्याला वेगळी वाट हवी. मी माहेरहून आणलेली एक चिरलेली पितळी परात काढली. ती घेऊन आम्ही गावातल्या ओताऱ्याकडे गेलो. कणकेचा साचा पाहून तो हसला. एव्हाना तो साचा मुंग्यांनी थोडा कुरतडलाही होता. पण ह्यांचं चित्र आणि साचा शेजारी ठेवल्यावर त्याला नेमकं समजलं. त्यानं मेणाचा नमुना करून घरी पाठवला. तो भोकात बसवून पाहिला, एका बाजूला जास्त होत होता, मी सुरीनं खरवडून परत दिला. पुढच्या खेपेला पितळी जाळी आली. खाली नळकांडं, वर बारीक भोकं, आठ बाजू, एक आखूड. खाचेत ठेवली आणि ती आवाज न करता बसली. हलवून पाहिली, हलेना.

मग गवंडी आला. त्यानं चौथऱ्याची एक बाजू फोडली. कुंडीच्या खाली खापरी नळाचं तोंड दिसलं. मी त्याला म्हटलं, आत हात घालून बघा, कपार कुठे लागते का. त्यानं दंडापर्यंत हात घातला.

"कपार न्हाई बाई. सरळ खाली उतरलाय. हाताला काय लागत न्हाई." हात बाहेर काढून त्यानं धोतराला पुसला. "आतलं खापर गुळगुळीत हाय. रोज कुनी हात फिरवावा आसं."

हे तेव्हा शाळेत होते. त्यांना मी हे सांगितलं, पण कणकेवरच्या खळग्यांचं पुन्हा काढलं नाही. त्यांनीही काढलं नाही.

गवंड्यानं खापराचं तोंड दगड घालून चुन्यानं पक्कं बुजवलं. जाळीच्या नळकांड्याला लोखंडी नळ जोडून पाणी भिंतीबाहेर काढलं आणि तिथे मी केळी लावल्या. चुना वाळला. मोरी झाली इतर मोऱ्यांसारखी. पाणी ओतलं की खळखळत केळींना जायचं आणि पुढे काही नाही. दुपारी घर अगदी शांत झालं. पहिले काही दिवस मी त्या जाळीवर उगाच वाकून पाहत असे. मला बरं वाटायला हवं होतं, पण दुपार मोठी वाटू लागली. मी बाईंकडे जाऊन विणकाम शिकायला लागले.

एका गोष्टीची टोचणी होती. हौदावरचं पाणी आता थांबणार, आणि त्या बायका रिकाम्या पन्हाळीसमोर उभ्या राहणार. मावशी त्यानंतर दूध घालायला येई तेव्हा मी तिच्याकडे पाहण्याचं टाळत होते. शेवटी एक दिवस मीच विचारलं, "हौद आटला का?"

"आटंल कशानं?" मावशी म्हणाली. "आता लई निर्मळ पानी येतंय. वास न्हाई, तवंग न्हाई. धारबी मोठी झालीय. तुमी खरकटं बंद केलं त्ये बेस झालं."

मी आत जाऊन चौथऱ्याला हात लावून पाहिलं. चुना जिथल्या तिथे होता, कोरडा.

ह्यांनी ऐकलं तेव्हा ते म्हणाले की वाटेत कुठे झरा लागला असेल, यंदा पाऊस चांगला झालाय. असेलही. ह्यांचं म्हणणं मी कधी खोडलं नाही आणि आजही खोडत नाही. पण पुढे मावशीनं मला हौदावर ओटी भरायला बोलावलं आणि मी गेले. हे सोबत आले नाहीत. वस्तीवरच्या बायका होत्या, सगळ्या माझ्याहून मोठ्या. त्यांना मी बंगल्यातली मास्तरीण एवढंच माहीत होतं. बाकीचं मावशीनं कुणाला सांगितलं नव्हतं. धार खरोखरच मोठी झाली होती. मी ओंजळ धरली. इतकं गार पाणी की दातांना कळ लागली.

त्यांनी मला बसवलं, कुंकू लावलं आणि ओटीत तांदूळ घातले. ते कुठले, असं मी विचारलं.

"हितलेच," एक बाई म्हणाली. "येचून, वाळवून ठेवतो. सवाष्णीला देतो."

घरी येऊन मी पदर सोडला आणि तांदूळ ताटात घेतले. आमच्याकडे तेव्हा रेशनचा तांदूळ असे, जाडा, तांबूस, खड्यांनी भरलेला. मावशीच्या वस्तीवर तर बाजरीच, भात सणालाच. हा तांदूळ पांढरा होता, लांब, सुईसारखा बारीक, कच्चा आणि स्वच्छ निवडलेला. असा तांदूळ मी लग्नातही पाहिला नव्हता. बाईंना बोलावून दाखवला. त्यांनी चष्मा लावून एक दाणा नखावर घेतला.

"दवाखान्यातल्या मडमांकडेसुद्धा असा नसायचा," त्या म्हणाल्या. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आल्या, जाळी पाहिली, तिच्यावर पाणी ओतून ते जाताना पाहिलं.

देवीचा तांदूळ टाकायचा नसतो आणि ओटीचा तांदूळ घराबाहेर द्यायचा नसतो. मी संध्याकाळी तो शिजवला. मूठभरच होता. शिजताना घरभर वास पसरला. हे म्हणाले, कसला वास, मी म्हटलं, भाताचा. तिघांची पानं मांडली. सासूबाईंना कळलं असतं तर चाललं नसतं, पण त्या श्रीगोंद्याला होत्या. बाईंनी जेवणाआधी डोळे मिटून त्यांची प्रार्थना म्हटली. मग आम्ही जेवायला सुरुवात केली. भात मोकळा झाला होता. ह्यांनी दोन घास खाल्ले आणि बाकीचा पानाच्या कडेला सारला. बाईंनी सगळा संपवला. मीही.